गळ, गाठ आणि संकल्प

ड्राय-ड्रॉपर म्हणजे एकाच दोराला दोन कृत्रिम माश्या बांधून ट्राउट मासा पकडण्याची जुळणी. वरची माशी पाण्यावर तरंगते. तिला ड्राय फ्लाय म्हणतात. तिच्या खाली हात-दीड हातावर, पाण्याच्या आत, दुसरी लहान आणि जड माशी लोंबते, ती ड्रॉपर. ड्रॉपर म्हणून बहुधा निम्फ लावतात, म्हणजे पंख फुटण्याआधी नदीच्या तळाशी वाढणाऱ्या किड्याची नक्कल. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच घेतो आणि पृष्ठभागावर ठरावीक वेळीच येतो, म्हणून ही जुळणी एका फेकीत दोन्ही थरांवर आमिष मांडते. वरची माशी आमिषाबरोबर खुणेचेही काम करते. निम्फ माशाने तोंडात घेतली की वरची माशी क्षणभर थबकते किंवा बुडते आणि काठीवाल्याला इशारा मिळतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडे उन्हाळ्यात वर नाकतोड्याची नक्कल लावतात, म्हणून तिथे या जुळणीला हॉपर-ड्रॉपर म्हणतात. न्यूझीलंडात तिचे नाव ट्रक-अँड-ट्रेलर.

या जुळणीवर लागलेला मासा आज पुष्कळ नद्यांवर परत पाण्यात सोडला जातो. कुठे तसा नियम आहे, कुठे ती काठीवाल्यांनी स्वतः लावून घेतलेली शिस्त आहे. यातून एक प्रश्न उभा राहतो, जो पोटासाठी केलेल्या मासेमारीत या रूपात येत नाही. ज्या प्राण्याचा काही उपयोग करायचा नाही, त्याला फसवून, टोचून, दमवून मग सोडून देणे हे मारण्यापेक्षा बरे की वाईट? सोडून दिल्याने आधीच्या कृतीचा दोष उतरतो का? या प्रश्नाचा विचार करणारे बहुतेक लोक माशाला हातातून सोडण्याच्या क्षणाकडे पाहतात. त्याचे उत्तर मात्र त्याच्या बरेच आधी, काठावर बसून गाठी मारल्या जात असताना ठरलेले असते, आणि म्हणून जुळणी कशी बांधतात हे आधी नीट पाहणे भाग आहे.

जुळणीची सुरुवात लीडरपासून होते. जाड रंगीत फ्लाय लाइनच्या टोकाला जोडलेला, पुढे निमुळता होत जाणारा हा पारदर्शक धागा साधारण 9 फूट लांब असतो. त्याच्या बारीक टोकाची जाडी ‘एक्स’ या मापात सांगतात. 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी मिळते: 4 एक्स म्हणजे 0.007 इंच, 5 एक्स म्हणजे 0.006 इंच. आकडा वाढतो तसा धागा बारीक आणि कमजोर होतो. वरच्या माशीसाठी 4 एक्स आणि ड्रॉपरच्या तुकड्यासाठी 5 एक्स ही नेहमीची जोडी. खालचा तुकडा एक पायरी बारीक ठेवतात तो अशासाठी की निम्फ तळाच्या दगडात किंवा बुडालेल्या फांदीत अडकलीच, तर तेवढीच तुटावी आणि वरची माशी हाती राहावी.

वरची माशी निवडताना ती खालचे वजन पेलेल का, हे आधी पाहिले जाते. फोमचा नाकतोडा, एल्कच्या केसांची कॅडिस किंवा छत्रीसारखी आडवी पिसे गुंडाळलेली पॅराशूट अॅडम्स, यांपैकी काहीही 10 किंवा 12 क्रमांकाच्या गळावर चालते. खाली 16 क्रमांकाची फेझंट टेल निम्फ लावली की जोडी जमते. गळांच्या क्रमांकातही आकडा वाढला की गळ लहान होतो. ही निम्फ इंग्लंडातल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याची. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यावर त्याने ती उभी केली. बांधायला वेगळा दोरासुद्धा घेतला नाही. तारेनेच ती बांधली जाते आणि तारेच्याच वजनाने बुडते. कारागिरीतला इतका काटकसरीचा नमुना क्वचितच सापडेल.

आता मुख्य गाठ. 18 ते 24 इंचांचा 5 एक्सचा तुकडा घ्यायचा आणि त्याचे टोक वरच्या माशीच्या गळाच्या बाकाभोवतून काढायचे. सुट्या टोकाचे मुख्य धाग्याभोवती पाच वेढे घ्यायचे, ते टोक बाकाला लागून असलेल्या छोट्या फाशातून काढायचे आणि मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फाशातून परत घ्यायचे. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करतात, कारण कोरडा धागा घर्षणाने तापतो आणि गाठीपाशीच दुबळा होतो. हळूहळू ओढल्यावर वेढे एकमेकांना चिकटून बसतात. मग उरलेले टोक कापायचे आणि दुसऱ्या टोकाला तशाच गाठीने निम्फ बांधायची. ड्रॉपरची लांबी पाण्याच्या खोलीवर ठरते. उथळ, खळाळत्या पाण्यात ती फूटभरही पुरते. खोल डोहात वाढवावी लागते, पण फार वाढवली तर फेकताना सगळा गुंता होतो.

ड्रॉपर बाकाला बांधणे ही सर्वांत सोपी रीत, पण एकमेव नाही. तो वरच्या माशीच्या नेढ्यातही बांधता येतो. तिसऱ्या रीतीत लीडर आणि त्याच्या पुढे जोडलेला बारीक धागा, म्हणजे टिपेट, यांच्यातल्या गाठीचे एक टोक लांब सोडून त्याला वरची माशी बांधतात आणि निम्फ मुख्य धाग्याच्या शेवटाला लावतात. या निवडीकडे बहुतेक पुस्तके सोयीचा मुद्दा म्हणून पाहतात. माशाच्या बाजूने पाहिले तर तो सोयीपुरता राहत नाही. गळाच्या टोकाजवळ असलेला उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केला, तर गळ माशाच्या तोंडातून कमी इजा करून निघतो; पण असा काटा नसलेल्या गळाच्या बाकावरून ड्रॉपरची गाठही घसरून निघू शकते. ती निघू नये म्हणून काटा तसाच ठेवण्याचा मोह होतो. गाठ नेढ्यात हलवली की काटा दाबता येतो आणि ड्रॉपरही टिकतो. एवढ्याशा बदलाला अर्धे मिनिट जास्त लागते. ते अर्धे मिनिट कोणासाठी खर्च होते, हा नीतीचा प्रश्न आहे.

दुसरी अडचण दोन गळ असण्यातूनच येते. माशाने वरची माशी घेतली तर खालचा गळ मोकळा राहतो. मासा धडपडू लागला की तो त्याच्या अंगात, कल्ल्यात, कधी डोळ्यात रुततो, किंवा जाळीत अडकून माशाला पाण्याबाहेर जास्त वेळ ठेवतो. कधी मासा वरच्या माशीला नाकाने नुसता स्पर्श करून मागे फिरतो. त्याच क्षणी काठी झटकली गेली तर मागून येणारा गळ त्याला पोटाला किंवा पाठीला पकडतो. असा मासा आमिषाला भुललेलाही नसतो. त्याने ओळखले, नाकारले, आणि तरी तो अडकला. काही नद्यांवर एकाच माशीची परवानगी असते. तिथे ही जुळणी मुळातच बाद ठरते.

फ्लाय फिशिंगच्या इतिहासात या जुळणीला एक वेगळेच स्थान आहे, कारण ती दोन पंथांना एका दोरात बांधते. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमध्ये चुनखडीच्या थरांतून उगम पावणाऱ्या टेस्ट आणि इचेन या स्वच्छ नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅल्फर्ड याने ड्राय फ्लायचे शास्त्र बांधले. 1886 आणि 1889 मधल्या त्याच्या दोन ग्रंथांनी एक शिस्त रूढ केली: मासा वर येऊन किडा खाताना दिसला पाहिजे, त्याच्यापुढे नेमकी त्या किड्याची तरंगती नक्कल प्रवाहाविरुद्ध फेकली पाहिजे, बाकी सारे हलके. हॅल्फर्डच्या अनुयायांनी या शिस्तीला जवळजवळ धर्माज्ञेचे रूप दिले. जी. ई. एम. स्क्यूज हा वकील इचेनवरच मासे धरत असे. मासे बहुतेक वेळ पाण्याखालीच खातात, मग तिथल्या किड्याची नक्कल लावण्यात काय गैर, असा त्याचा प्रश्न होता, आणि 1910 मध्ये त्याने तो पुस्तकरूपाने मांडला. वाद दशकानुदशके चालला. फेब्रुवारी 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये चुनखडीच्या नद्यांवर निम्फ वापरणे योग्य की अयोग्य यावर सभा भरली, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होता.

त्या वादातले युक्तिवाद आज वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दोन्ही बाजू नीतीची भाषा बोलत होत्या, पण ती नीती माणसामाणसांतली होती: कोणती रीत सभ्य, कोणती अवघड, कोणती शेजाऱ्याच्या पाण्याला न्याय देणारी. मासा त्यात पक्षकार नव्हता, तो कसोटीचे साधन होता. खेळाचा नियम आणि नैतिक कर्तव्य यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. बुद्धिबळात घोडा अडीच घरेच चालतो, कारण तसा नियम मानल्याशिवाय खेळ उभा राहत नाही; पण नियम मोडल्याने घोड्याला काही होत नाही. ट्राउटला होते. स्वतःवर लादलेले बंधन माणसाला संयमी बनवते हे खरे असले, तरी त्या संयमाचा लाभ समोरच्या जिवाला मिळतो का, हे वेगळे तपासावे लागते. ड्राय फ्लायची शिस्त या तपासणीत निम्मीच उतरते. ती फेकींची संख्या कमी करते, पण अडकलेल्या माशाचे दुःख तिने कमी होत नाही.

माशाला दुःख होते का, हाच काहींचा मूळ आक्षेप. 2002 मध्ये जेम्स रोझ या संशोधकाने असे मांडले की वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या बाह्यपटलावर अवलंबून आहे, ते माशात नाही. म्हणून गळाला लागलेल्या माशाची धडपड प्रतिक्षिप्त आहे, वेदना नव्हे. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी रेनबो ट्राउटवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांना आढळले. ओठात मधमाशीचे विष किंवा अॅसिटिक आम्ल टोचलेले मासे अंग डोलवत राहिले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खडीवर घासताना दिसले. वाद अजून मिटलेला नाही. मात्र फ्लायचा गळ बहुधा ओठालाच लागतो, आणि प्रयोगही ओठावरच झाला होता.

तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये प्राण्यांच्या बाबतीत विचारात घेण्याची कसोटी दुःख भोगण्याची क्षमता हीच धरली. तत्त्वज्ञ कांटने प्राण्यांविषयी थेट कर्तव्य मानले नाही. क्रूरता वाईट, कारण ती माणसाला माणसांशीही क्रूर बनवते, असे त्याचे म्हणणे. पकडून सोडणाऱ्याला या दोन्ही कसोट्या पूर्णपणे मोकळे करत नाहीत. बेंथमच्या हिशोबात माशाचे दुःख एका तागडीत पडते आणि दुसऱ्या तागडीत माणसाचा आनंद. तो आनंद दुसऱ्या मार्गानेही मिळू शकला असता तर तागडी झुकते. कांटच्या हिशोबात प्रश्न काठीवाल्याच्या मनाकडे वळतो. आणि मनाचा विचार सर्वांत खोलात जाऊन, तोही थेट मासेमाराचेच उदाहरण घेऊन, भारतीय परंपरेत झाला आहे.

सोमदेवसूरी या जैन आचार्याने शके 881 मध्ये, म्हणजे इ.स. 959 मध्ये, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य पूर्ण केले. त्याच्या अखेरच्या भागात श्रावकांच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या, आचाराचे विवेचन आहे. हिंसा कशाला म्हणावे हे सांगताना सोमदेव धीवर आणि शेतकरी यांना शेजारी उभे करतो. नांगराखाली शेतकऱ्याकडून असंख्य जीव मरतात; धीवराच्या जाळ्यात एखाद्या दिवशी एकही मासा येत नाही. तरी हिंसेचा दोष धीवराकडे जातो, कारण त्याचे चित्त मारण्यावर खिळलेले असते, शेतकऱ्याचे धान्यावर. हिंसेचे मोजमाप मेलेल्या जिवांच्या संख्येने होत नाही, ध्यासाने होते. जैन आचारशास्त्रात हिंसेचे जे चार प्रकार केले जातात, त्यांत घरकामातून होणारी, उद्योगातून होणारी आणि स्वसंरक्षणातून होणारी हिंसा गृहस्थाला मर्यादेत सोसावी लागते. संकल्पाने केलेली हिंसा मात्र त्यालाही वर्ज्य आहे.

ही कसोटी ड्राय-ड्रॉपर लावणाऱ्याला कुठे नेते? वरवर पाहता सुटकेकडे: त्याचा संकल्प मारण्याचा नाही. पण ध्यास कशावर आहे हे विचारले की चित्र बदलते. त्याला मासा लागायला हवा आहे. गळ रुतण्याचा क्षण, काठीचा बाक, दोराचा ताण हेच त्याचे फळ आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत किडे मरणे ही कामाची अनिच्छित बाजू असते. इथे टोचणे ही कामाची गाभ्याची बाजू आहे. मृत्यू टाळला जातो, इजा टाळली जात नाही, आणि इजा हवीच असते. सोमदेवाच्या तराजूत पकडून सोडणारा म्हणूनच शेतकऱ्यापेक्षा धीवराच्या जवळ बसतो. फरक एवढाच की धीवराच्या ध्यासामागे भूक आहे.

याच ग्रंथात मृगसेन नावाच्या धीवराची कथा येते, आणि ती पकडून सोडण्याच्या प्रश्नावर कोणत्याही आधुनिक निबंधापेक्षा जास्त प्रकाश टाकते. अवंती देशातल्या या धीवराला एका मुनीचा उपदेश मिळतो. मासेमारी सोडली तर घर चालणार नाही, म्हणून तो एक लहान व्रत घेतो: जाळ्यात पहिला आलेला मासा सोडून द्यायचा. त्या दिवशी मोठा मासा लागतो. ओळख राहावी म्हणून मृगसेन त्याला कापडाची चिंधी बांधतो आणि पाण्यात सोडतो. दुसरीकडे जाळे टाकतो, तर तोच मासा. असे पाच वेळा होते. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी येतो, बायको दार उघडत नाही, बाहेर निजलेला असताना साप डसून तो मरतो. पुढच्या जन्मी तो पाच वेळा मृत्यूच्या तोंडातून वाचतो.

या कथेत सोडण्याला मोल आहे, कारण सोडणे महाग पडते. मृगसेनाच्या घरी चूल पेटायची आहे, हातात आलेला मासा म्हणजे त्या रात्रीचे जेवण आहे. शिवाय पाचव्या वेळी तो मासा परत जाळ्यात यावा अशी त्याची इच्छाच नसते. ट्राउट सोडणाऱ्याचे काय जाते? त्याला मासा खायचा नव्हता. सोडताना तो काही त्यागत नाही, नको असलेली वस्तू परत करतो. पुण्य म्हणून या सोडण्याकडे बोट दाखवता येत नाही. उलट तोच मासा पुन्हा लागण्याची शक्यता त्याला आनंदाचीच वाटते. पाली त्रिपिटकातल्या ‘उदान’ ग्रंथात श्रावस्तीबाहेर खेळता खेळता माशांचा छळ करणाऱ्या मुलांना बुद्ध एवढेच विचारतात की तुम्हाला स्वतःला दुःख नकोसे वाटते ना. त्या मुलांच्या मनात भूक नव्हती, वैर नव्हते, खेळ होता. कौतुकाच्या भाषेत कितीही गुंडाळले तरी पकडून सोडण्याचे जवळचे नाते या खेळाशी आहे.

याविरुद्ध एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. सोडण्याच्या प्रथेने नद्या वाचल्या. ली वुल्फ या अमेरिकन काठीवाल्याने 1939 मध्ये ही बाजू जोराने मांडली की चांगला मासा एकदाच पकडला जावा इतका स्वस्त नाही. काठीवाले नदीकडे लक्ष ठेवतात, प्रदूषणाविरुद्ध उभे राहतात, नोंदी ठेवतात. भारतातले एक उदाहरण या बाजूने नेहमी दिले जाते, आणि त्याला महाराष्ट्राची एक कडी आहे. कर्नाटकात कावेरीवर गलिबोरे येथे महासीर पकडून सोडणाऱ्यांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे फ्लायपेक्षा नाचणीच्या पिठाचा गोळा हेच नेहमीचे आमिष होते, पण सोडण्याची शिस्त तीच. नोंदींतून दिसले की महासीर लागण्याचे प्रमाण वाढले, पण कावेरीचा मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर झपाट्याने कमी झाला आणि त्याची जागा निळ्या परांच्या महासीराने घेतली. हा दुसरा मासा, टॉर खुद्री, सायक्स या अभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात तो वाढवला गेला आणि तिथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली. मूळ माशाची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. गळवाल्यांच्या वह्या नसत्या तर हा ऱ्हास कदाचित कोणाच्या लक्षातही आला नसता.

हा लाभ खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. नोंदी उपयोगी पडल्या, म्हणून प्रत्येक गळ निर्दोष ठरत नाही. परिणाम चांगला निघाला तरी संकल्प वेगळा होता, हे सोमदेवाचेच तत्त्व इथे उलट बाजूने लागू पडते. शिवाय माशांना जपण्यासाठी गळ टाकलाच पाहिजे असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड इथे काळ नदीच्या डोहातले महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेतले मासे तिळसेश्वराचे. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत. श्रद्धेने राखलेले हे डोह वैज्ञानिक नोंदी ठेवत नाहीत, पण मासा आणि माणूस यांच्या नात्यात पकडणे अपरिहार्य नाही, एवढे ते निश्चित दाखवतात. युरोपात कायद्यानेही दुसऱ्या टोकाचा निर्णय घेतला आहे. जर्मनीच्या 1972 च्या प्राणीसंरक्षण कायद्यानुसार रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. खाणे हे रास्त कारण मानले जाते, निव्वळ खेळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच हेतूने मासे पकडण्यास मनाई आहे. भारतीय वाचकाला हे आधी उफराटे वाटेल: मारणाऱ्याला मोकळीक आणि सोडणाऱ्याला दंड. संकल्पाची कसोटी लावली की त्यातली सुसंगती दिसते.

सोडण्याच्या प्रथेने आणखी एक भूल पाडली आहे. मारणाऱ्याला मर्यादा असते: दिवसाला दोन, चार, जो काही नियम असेल तो. सोडणाऱ्याचे मासे मर्यादेत मोजले जात नाहीत. कृत्रिम माशी बहुधा ओठालाच लागते, गिळली जात नाही, म्हणून फ्लायवर पकडलेल्या ट्राउटमध्ये मृत्यूचे प्रमाण जिवंत आमिषाच्या तुलनेत खूप कमी असते. पण ते शून्य नसते. शंभरात चार मरतात असे धरले, तर दिवसात पन्नास सोडणाऱ्याने दोन मारले, आणि अठ्ठेचाळीस विनाकारण दमवले. दोन मासे खाण्यासाठी मारून घरी गेलेल्याने दोनच मारले. दिवसाचा आकडा फुगवण्यासाठी ड्राय-ड्रॉपरसारखे दुसरे साधन नाही, कारण ते दोन्ही थरांवर एकाच वेळी आमिष ठेवते. ज्याला मासा हवाच आहे, त्याच्यासाठी ही जुळणी कार्यक्षम आणि म्हणून दयाळू ठरते. तो लवकर पकडतो आणि थांबतो. ज्याला मासा नको आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या गळाचे एकच कारण उरते, ते म्हणजे अधिक लागावेत. गरज नसताना अधिकाची इच्छा यालाच परंपरेने लोभ म्हटले आहे.

सोडायचेच असेल तर सोडणे खरे ठरावे यासाठी काय लागते, हेही आता ज्ञात आहे. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि दमलेला मासा सावरत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात कडक उन्हाळ्यात दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत नद्या गळासाठी बंद ठेवतात त्या याचसाठी. धागा फार बारीक घेतला तर तो तुटू नये म्हणून माशाला हळूहळू, दीर्घकाळ खेळवावे लागते आणि मासा पूर्ण थकतो. एक पायरी जाड धागा लावणे हे कौशल्य दाखवण्यापेक्षा मोलाचे आहे. पाण्याबाहेरचा वेळ तर सर्वांत घातक. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात पूर्ण थकवलेल्या रेनबो ट्राउटांपैकी पाण्यातच ठेवलेले 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत धरलेले 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेले 72 टक्के. प्रयोगशाळेतली ही परिस्थिती नदीपेक्षा कठोर होती, तरी छायाचित्रासाठी मासा उचलून धरणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

खाण्यासाठी मासा घेणाऱ्याने दोन गळांची जुळणी बिनदिक्कत वापरावी, हवे तेवढे मासे लवकर घ्यावेत, ते तत्काळ मारावेत आणि काठी आवरावी. सोडण्याच्या इराद्याने आलेल्याने ड्रॉपर कापून बाजूला ठेवावा, काटा दाबलेल्या एकाच गळावर पुरेसा जाड धागा लावावा, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा, आणि आकडा वाढवत न बसता चार-पाच माशांवर थांबावे. पाणी कोमट झाले असेल, तर त्या दिवशी गाठ मारूच नये.